आईने दिलेलं मत

टीव्हीवर न्यायमंत्री बोलायला लागले की आई हातातलं काम बाजूला ठेवायची. इथे अमेरिकेत त्या पदाला ॲटर्नी जनरल म्हणतात, पण आईने त्याचं परस्पर मराठी करून टाकलं होतं. ज्याच्याकडे न्यायाचं खातं तो न्यायमंत्री, त्यात समजायचं काय? नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मंत्रिमंडळातली दोन पदं पाठ करायची होती, त्यातलं एक तिने हेच निवडलं होतं. "बाकीची खाती काय, येतात आणि जातात. हे खातं महत्त्वाचं," असं ती माझ्या मुलीला सांगायची, आणि मुलगी "ओके आजी, नेक्स्ट क्वेश्चन" म्हणायची.

त्या संध्याकाळी न्यायमंत्री गुन्हेगारी आणि इमिग्रेशन या दोन विषयांवर एका दमात बोलत होते. गुन्हे घडण्याआधीच रोखायचे असतील तर देशात कोण येतं, कोण राहतं यावर कडक नजर हवी, असा एकूण सूर होता. मधेच नागरिक नसताना मत देणाऱ्यांचाही उल्लेख झाला. आई सोफ्यावर ताठ बसून ऐकत होती आणि पटल्यासारखी मान हलवत होती. मी ओट्याशी भेंडी चिरत होते. आईला या देशातून बाहेर काढण्यासाठी कोर्टात हजर व्हायची नोटीस आली होती, ती माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत होती.

"आई, ते तुझ्याबद्दल बोलतायत," मी म्हणाले.

"माहीत आहे. ऐकू तर दे."

मी सुरी सिंकमध्ये आपटली. मला राग पटकन येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर येतो. त्या काळात तर नवरा, मुलगी, ऑफिसमधला मॅनेजर, फोनवर वाट बघायला लावणारं संगीत, असे सगळे आळीपाळीने माझ्या तावडीत सापडले. ज्यांच्यावर चिडायला हवं होतं ते टीव्हीत होते, आणि त्यांच्यापर्यंत माझा आवाज जाण्याची काही सोय नव्हती.

आई म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेची निवृत्त बाई. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या मागे निवडणुकीची ड्यूटी लागलेलीच असते. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन मशीन, शाई, सीलचं सामान ताब्यात घ्यायचं, मिळेल त्या गाडीने नेमून दिलेलं गाव गाठायचं, शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून पडायचं आणि सकाळी उजाडण्याआधी तयार राहायचं. बरेच जण डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून ही ड्यूटी चुकवत. आईने कधी चुकवली नाही. पुढे पुढे तर ती केंद्राध्यक्ष म्हणून जायला लागली, म्हणजे त्या खोलीपुरतं सरकार तीच.

तिथली एक हकीगत ती नेहमी सांगायची. गावचा एक पुढारी एका म्हाताऱ्याला अडवून उभा होता, हा आमच्या गावचाच नाही म्हणून. आईने यादी पाहिली, नाव होतं. ओळखपत्र पाहिलं, फोटो जुळला. तिने म्हाताऱ्याच्या बोटाला शाई लावायला सांगितली आणि पुढाऱ्याला खोलीबाहेर काढलं. "यादीत नाव आहे, ओळखपत्र आहे, मग त्या माणसाला परत पाठवायचा अधिकार मलासुद्धा नाही," हे तिचं वाक्य आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं. मत गुप्त असतं, हा तिचा दुसरा नियम. तो ती इतका पाळायची की बाबांनी जन्मभर विचारूनही तिने त्यांना कधी पत्ता लागू दिला नाही.

बाबा गेल्यावर मी तिला इकडे मिशिगनमध्ये, नोव्हायला आणलं. मी एकुलती एक, सिटिझन झालेली, म्हणून तिचं ग्रीन कार्ड रीतसर झालं. सांगलीचा भाड्याचा ब्लॉक आम्ही सोडून दिला, भांडीकुंडी वाटून टाकली. तिकडे तिचं म्हणावं असं काही उरलं नाही. इथे मात्र ती चांगली रुळली. माझी मुलगी शाळेतून आली की तिला घरात माणूस दिसायचं, आणि मी ऑफिसातून आले की मला आई दिसायची. या वयात एवढं सुख पुष्कळ झालं, असं मला वाटायचं.

ती आल्यावर तिच्याकडे इथलं ओळखपत्र असावं म्हणून नवऱ्याने तिला लायसन्सच्या ऑफिसात नेलं. तो गाडी लावायला जागा शोधत राहिला आणि इकडे आईचा नंबर लागला. काउंटरपलीकडच्या बाई भराभर विचारत गेल्या. आई इंग्रजी वाचायची बऱ्यापैकी, पण ऐकताना अडखळायची. शिवाय खिडकीपलीकडच्या सरकारी माणसाला नाही म्हणायचं नाही, ही नोकरीत लागलेली सवय. ती सगळ्याला "येस मॅडम" म्हणत गेली. त्यातल्या एका प्रश्नाला, मतदार म्हणून नाव नोंदवायचं का, याला "नो" म्हणायला हवं होतं.

आमच्या कॉलनीत पोस्टाच्या पेट्या कोपऱ्यावर एकत्र आहेत. दुपारी फेरी मारून पोस्ट आणणं हे आईने स्वतःकडे घेतलेलं काम. एके दिवशी त्यात तिच्या नावाचं मतदार कार्ड आलं. तिने ते पासपोर्टच्या प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवून दिलं. पुढे निवडणूक आली तेव्हा ती चांगली साडी नेसून, वर कोट घालून, कोपऱ्यावरच्या एलिमेंटरी शाळेत चालत गेली. माझी मुलगी त्याच शाळेत शिकली. त्या वेळी प्रश्न होता तो शाळांच्या दुरुस्तीसाठी कर वाढवायचा की नाही, एवढाच. टेबलावर यादी होती. यादीत तिचं नाव होतं. कार्ड जवळ होतं. सहीसाठी एक कागद पुढे आला, त्यावर तिने वळणदार सही केली. घरी येऊन तिने कुकर लावला आणि आम्हाला काहीही सांगितलं नाही, कारण मत गुप्त असतं.

माझ्या आईने केली ती चूक करायला माणसाने आधी निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावण्यात घालवलेलं असावं लागतं. साध्या, निष्काळजी माणसाने ते कार्ड कचऱ्यात टाकलं असतं आणि तो आज सुखात असता.

सिटिझनशिपच्या मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बसले होते. आई बाहेर आली ती पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी.

"सगळी उत्तरं बरोबर आली," ती म्हणाली. "साहेब चांगले होते. शेवटी त्यांनी विचारलं, या देशात कधी मत दिलंयत का? मी म्हटलं, येस सर. त्यांना ऐकू आलं नाही बहुतेक, त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं, येस सर."

मी लिफ्टचं बटण दाबत होते. लिफ्ट आली, दार उघडलं, तरी मी बटण दाबतच होते. "आई, तू मत दिलंस? कधी? कुणाला विचारून?" माझा आवाज सगळ्या मजल्यावर गेला असणार.

"मत द्यायला कुणाला विचारायचं असतं का?" आई म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

नोटीस आल्यावर आम्ही ट्रॉयमधल्या एका वकिलाकडे गेलो. मूळचा दिल्लीचा, मान खाली घालून हिंदी-इंग्रजीत बोलणारा, सभ्य माणूस. त्याने सांगितलं की यात दोन वेगळी प्रकरणं आहेत. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे, तो खटला न्यायमंत्र्यांच्या खात्याचे वकील भरू शकतात, पण आईच्या वयाकडे बघून बहुधा भरणार नाहीत. दुसरं प्रकरण इमिग्रेशन कोर्टातलं. तिथे गुन्हा सिद्ध व्हायला लागत नाही. मत दिलं एवढं पुरतं, आणि ते आईने स्वतःच्या तोंडाने दोनदा सांगितलं होतं.

"पण न्यायाधीश असेल ना तिथे? तो ऐकून घेईल ना?" मी विचारलं.

"ऐकून घेईल. बट ही वर्क्स फॉर द सेम डिपार्टमेंट. इमिग्रेशन जज हे न्यायमंत्र्यांच्या खात्यातले कर्मचारी असतात. अपिलाचं बोर्डही त्याच खात्यात. आणि न्यायमंत्र्यांना वाटलं तर ते कुठलीही केस स्वतःकडे मागवून निकाल बदलू शकतात. तो निकाल मग सगळ्यांना लागू."

"म्हणजे पकडणार तेच आणि सोडायचं की नाही ते ठरवणार तेच?"

"पकडणारं खातं वेगळं आहे," तो म्हणाला. "पण तुम्हाला जे वाटतंय ते फारसं चुकीचं नाही."

मी टेबलावर हात आपटला. नवऱ्याने माझ्या दंडाला धरलं. आईने वकिलाला विचारलं की तुम्ही जेवलात का, कारण दुपार उलटून गेली होती.

आशा एकच होती. अशा निरुपद्रवी म्हाताऱ्या माणसांच्या केसमध्ये काही न्यायाधीश फाइल बाजूला ठेवून द्यायचे. निकाल नाही, सुटका नाही, पण माणूस आपल्या घरी राहतो आणि फाइल कपाटात राहते. "पुट इट टु स्लीप," वकील म्हणाला. आईची फाइल झोपून राहावी एवढंच आता आम्हाला देवाकडे मागायचं होतं. मी देवाला फारसं काही मागत नाही, पण हे मागितलं.

मधे संक्रांत आली. मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. मला जायचं नव्हतं, आईला जायचं होतं, कारण गुळाच्या पोळ्यांची जबाबदारी तिने आधीच घेतली होती. तिथे एक काका भेटले. मूळचे नागपूरचे, गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले, इथे येऊन तीन दशकं झालेली. त्यांना आमचं काही माहीत नव्हतं. हातात पोळीची ताटली घेऊन ते न्यायमंत्र्यांचं कौतुक करत होते. "कडक माणूस पाहिजेच होता, यार. आपण सगळे रूल्स फॉलो करून आलो ना? मग ज्यांनी मोडले त्यांना बाहेर काढलंच पाहिजे. आज पेपरवर्क चुकवतील, उद्या दरोडा घालतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. नियम म्हणजे नियम. अजून एक पोळी घ्या."

घरी येताना गाडीत मी तिच्यावर इतकी ओरडले की मुलीने कानांत इअरफोन घातले. "तू त्याला हो कशी म्हणालीस? कशी म्हणालीस?"

"मग काय म्हणू?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी केंद्रावर असते आणि यादी चुकीची आहे असं मला कळलं असतं, तर मी पण माझ्यासारख्या बाईला परत पाठवलं असतं. मला कळलं नाही एवढंच."

 गाडी चालवता चालवता मला रडू आलं आणि मी ते सर्दीवर ढकललं.

सुनावणीच्या थोडं आधी वकिलाचा फोन आला. न्यायमंत्र्यांनी एक केस स्वतःकडे मागवून घेतली होती. कुणाची होती, कुठल्या देशातला माणूस होता, त्याने काय केलं होतं, मला अजूनही माहीत नाही. त्या केसमध्ये त्यांनी लिहून दिलं की न्यायाधीशांनी फाइल अशा बाजूला ठेवायच्या नाहीत, निकाल द्यायचा. बस, एवढंच. आम्ही ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसाच्या केसमधल्या त्या दोन ओळींनी माझ्या आईचं काय होणार ते ठरवून टाकलं.

मी आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या मुलीने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की हे फ्रस्ट्रेशन नाहीये, ही माझी आई आहे. ती पुन्हा तेच म्हणाली. बिचारीला तेवढंच म्हणायला शिकवलं असणार, आणि तिच्या हातात तरी दुसरं काय होतं?

सुनावणीसाठी डेट्रॉइटला जाताना वकिलाने आईला पुन्हा पुन्हा समजावलं. "आंटीजी, बस इतना बोलना है, मुझे समझ में नहीं आया. इंग्लिश प्रॉब्लेम. उमर हो गयी. दॅट्स ऑल." आई हो हो म्हणाली. मला हायसं वाटलं. मला वाटलं, निदान या वेळी तरी ती ऐकेल.

कोर्ट म्हणजे एक लहानशी खोली होती. दुभाषी बाई फोनवर होत्या, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातून, छान स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. न्यायाधीश साठीकडे झुकलेले, थकलेल्या चेहऱ्याचे. त्यांनी आईला विचारलं की मत देताना आपण नागरिक नाही हे तुम्हाला माहीत होतं का.

"माहीत होतं," आई म्हणाली.

वकिलाने डोळे मिटले.

"मग तुम्ही का गेलात?"

"साहेब, मी केंद्राध्यक्ष होते. आमच्याकडे यादी सरकार करतं. ज्याला अधिकार नाही त्याचं नाव सरकार यादीत घालत नाही. इथल्या सरकारने माझं नाव घातलं, मला कार्ड पाठवलं. मला वाटलं, मी इथे राहते म्हणून सरकारने मला बोलावलं. बोलावल्यावर न जाणं बरं दिसत नाही." मग ती म्हणाली, "मला समजलं नाही असं सांगायला सांगितलंय. पण मला समजत होतं. माझं समजणंच चुकीचं निघालं."

दुभाषी बाई केंद्राध्यक्ष या शब्दापाशी थबकल्या, मग म्हणाल्या, पोलिंग ऑफिसर. बाकीचं त्यांनी शब्द न् शब्द सांगितलं. शेवटी शेवटी त्यांचा आवाज बदलला होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि म्हणाले की माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही मुद्दाम काही केलं नाही.

मला वाटलं, सुटलो. मी नवऱ्याचा हात इतका घट्ट दाबला की त्याने बोटं सोडवून घेतली.

मग न्यायाधीश म्हणाले की कायद्यात हेतूला जागा नाही. पूर्वी ही फाइल बाजूला ठेवता आली असती, आता ती मुभा उरलेली नाही. आपल्याला याचं वाईट वाटतं. जास्तीत जास्त एवढंच करता येईल की हाकलण्याचा हुकूम काढण्याऐवजी तुम्हाला स्वतःहून निघून जायची परवानगी देता येईल. विचार करून सांगा. हे सगळं फोनमधून मराठीत ऐकताना आई मान हलवत होती. शेवटी तिने त्यांना हात जोडून नमस्कार केला. मला त्या माणसावर ओरडायचं होतं, आणि तो वाईट माणूस नव्हता, हेच मला सहन होईना.

बाहेर आल्यावर वकील म्हणाला की अपील करता येईल, पण अपिलाचं बोर्ड त्याच खात्यातलं आणि कायदा स्पष्ट आहे. आईने विचारलं, "आणि अपिलात हरलो तर?" तो माझ्याकडे बघायला लागला. आई म्हणाली, "मला सांगा, तिला नको."

"मग ऑर्डर निघेल. देन दे कॅन कम टु द हाउस."

"आणि स्वतःहून गेले तर परत येता येईल?"

"नाही, आंटीजी. मत दिलेल्याला परत घेत नाहीत. कधीच नाही."

आईने कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "घरी नको यायला कुणी. पोरगी घरात असते. मी जाते."

घरी आल्यावर मी आकांत केला. अपील करायचं, लढायचं, पेपरवाल्यांना बोलवायचं, काय काय म्हणाले. "तू नेहमी अशीच! कुणी जा म्हटलं की पिशवी भरायला घेतेस!" आई म्हणाली, "हळू. ती अभ्यास करतेय." मुलगी अभ्यास करत नव्हती. ती जिन्यात बसून ऐकत होती. "बट आजी इज नॉट अ क्रिमिनल," ती म्हणाली. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती आईकडे गेली.

मिरजेला मावशीच्या शेजारी एक खोली बघितली. मावशी आईपेक्षा मोठी, तिलाच ऐकू कमी येतं, तिलाच कुणीतरी बघायला हवं. एखादी बाई ठेवू, मी वर्षातून दोनदा येईन, रोज व्हिडिओ कॉल करू, असे बेत मी आखत राहिले, आणि आई प्रत्येक बेताला बरं म्हणत राहिली. तिला तिथे पडायला झालं तर मी इथून पोचेपर्यंत काय होईल, हा प्रश्न आम्ही दोघींनी एकमेकींना विचारला नाही.

आपल्याकडची सगळी म्हातारी माणसं विमानतळावर व्हीलचेअर घेतात. चालता येत असलं तरी घेतात, कारण ढकलणारा माणूस बरोबर योग्य ठिकाणी नेऊन सोडतो आणि इंग्रजी बोलावं लागत नाही. मीही तिच्यासाठी सांगून ठेवली होती. काउंटरवर खुर्ची आली तेव्हा आई म्हणाली, "नो, थँक यू. आय वॉक." मी म्हटलं, "आई, हट्ट करू नकोस, आत तुझं कोण आहे?" ती म्हणाली, "मला चालता येतंय तोवर चालत जाऊ दे. मला काही कुणी ढकलून काढलेलं नाही."

मुलगी तिला मिठी मारून रडत होती. "कम बॅक सून, आजी," ती म्हणाली, सवयीने. मग तिच्या लक्षात आलं आणि ती आणखी रडली. आईने तिचे केस मागे सारले. "मला नाही यायचं आता," ती म्हणाली. "आता तू यायचंस."

 मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि निघाली.

पुढे सिक्युरिटीच्या तोंडाशी दोन रांगा होत्या, मधे पट्टे लावलेले. पहिली दिसली त्या आखूड रांगेत आई जाऊन उभी राहिली. ती आधी नोंदणी केलेल्या प्रवाशांची होती, तिची रांग नव्हती. "आई, तिकडे! पलीकडे!" मी ओरडले. लोक वळून बघायला लागले, पण आईला ऐकू आलं नाही. तिचा नंबर आला तेव्हा तिथल्या माणसाने तिचा बोर्डिंग पास पाहिला आणि लांबच्या रांगेकडे बोट केलं. ती कुठे बघायचं ते न कळून इकडेतिकडे बघत राहिली. मी पट्टा उचलून आत शिरले, तर एका गार्डने हात आडवा धरला.

"दॅट्स माय मदर," मी म्हणाले. "शी इज इन द राँग लाइन. मला फक्त तिला सांगायचंय."

"आय नो, मॅम," तो म्हणाला. "पण तुम्हाला इथून पुढे जाता येणार नाही."

त्याचाही आवाज चांगला होता. मी पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिले. आईने पिशवी उचलली आणि ती हळूहळू चालत दुसऱ्या रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली.